कुरुमिदानीची अकरा मिनिटं

जलद गाडीची प्रतिष्ठा ती जिथे थांबत नाही अशा गावांच्या जिवावर चालते, हे रेल्वेशास्त्रातलं मूलभूत सत्य आहे. प्रत्येक जलद गाडीला काही गावं अशी लागतातच, की ज्यांच्या नाकासमोरून धूळ उडवत निघून जाता येईल. अशी गावं उपलब्ध नसतील तर गाडी कितीही धावो, तिला कोणी जलद म्हणत नाही. जपानमधल्या डोंगराळ सावाताकी मार्गावर हे तत्त्व सर्वांना मान्य होतं. फक्त ती गावं शेजाऱ्यांनी पुरवावीत, एवढंच प्रत्येक गावाचं माफक म्हणणं होतं.

सावाताकी मार्गावर एकूण चौदा स्थानकं आहेत. ती क्रमाने अशी: त्सुकिओका, निशि-त्सुकिओका, ओनाबे, हिनोकुची, साकाशिता, इवाबुची, कामि-इवाबुची, योकोने, मित्सुमाता, ताकेहारा, शिराकुरा, ओकु-शिराकुरा आणि ओतोमे. (नावं जड आहेत याची लेखकाला कल्पना आहे. तिथे राहणाऱ्यांना ती जड वाटत नाहीत.) त्सुकिओका हे शहर, नोकऱ्या, शाळा, दवाखाने, सगळं तिथे. ओतोमेला डोंगर आडवा येतो म्हणून मार्ग संपतो, एवढंच ओतोमेचं कर्तृत्व. या दोन टोकांमध्ये 'इवात्सुबामे', म्हणजे कड्यावरची पाकोळी, या नावाची जलद गाडी धावते.

पाकोळी सुरू झाली तेव्हा ती चार ठिकाणी थांबायची आणि छप्पन्न मिनिटांत पोहोचायची. साधी गाडी चौदाही ठिकाणी थांबून शहात्तर मिनिटं घ्यायची. म्हणजे एका थांब्याला दोन मिनिटं. हे गणित सरळ होतं आणि तिथेच सगळं बिघडलं, कारण दोन मिनिटांसाठी कोणाचा अपमान करावा असं रेल्वेच्या कोणाही अधिकाऱ्याला वाटेना.

पहिला थांबा हिनोकुचीने मिळवला, कारण तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. साकाशिताला मिळाला, कारण हिनोकुचीला मिळाला. कामि-इवाबुचीत रेल्वेने पाहणी केली, तेव्हा दोनशे बारा रहिवाशांपैकी दोनशे बारा जणांच्या भावना दुखावलेल्या आढळल्या (पैकी तिघांनी तसं लेखी दिलं). योकोनेचं प्रकरण निराळं होतं. रुळावर हरीण आलं म्हणून एके दिवशी पाकोळी योकोनेच्या फलाटाला चार मिनिटं उभी राहिली. गाडी आपल्यासाठी थांबली असं समजून गावाने चालकाला पर्सिमनच्या फळांची टोपली दिली, सरपंचांनी आभाराचं पत्र धाडलं आणि शाळेतल्या मुलांनी चित्रं काढून पाठवली. आभार पोहोचल्यावर 'ते हरणामुळे झालं' असं कळवणं रेल्वेला फार असभ्य वाटलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी योकोनेला थांबू लागली. (हरिणाच्या योगदानाची अधिकृत नोंद नाही.)

असं करता करता पाकोळी तेरा स्थानकांवर थांबू लागली आणि चौऱ्याहत्तर मिनिटं घेऊ लागली. चौदावं स्थानक कुरुमिदानी. संपूर्ण मार्गावर फक्त कुरुमिदानीला ती थांबत नसे, आणि तिच्या वेगाचा सगळा भार या एका गावावर होता. गार्डलाही ते माहीत होतं. कुरुमिदानीवरून जाताना तो खिडकीत उभा राहून, टोपी काढून, फलाटाला कमरेतून वाकून नमस्कार करी.

ओरिए आरिमाने तो नमस्कार एकतीस वर्षं पाहिला. फलाटावर तिचं सोबाचं दुकान होतं. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या लांब शेवया, गरम रश्शात. ओरिएकडे त्यावर अक्रोडाची वाटलेली गोळी पडायची. खुर्च्या नाहीत. एक फळी, तिच्यासमोर उभं राहायचं, खायचं, वाडगा परत करायचा आणि निघायचं.

दुकान चालण्याचं कारण सोबा नव्हता, असं म्हटलं तर ओरिएला राग येईल, पण ते खरं आहे. कारण होतं दुसरा रूळ. साध्या गाडीला बाजूला घेऊन पाकोळीला पुढे काढायची सोय त्या टापूत एकट्या कुरुमिदानीला होती. म्हणून सकाळची साधी गाडी सात एकतीसला यायची, पाकोळी सात अडतीसला धडधडत निघून जायची, आणि मागोमाग सात बेचाळीसला साधी गाडी सुटायची. मधली अकरा मिनिटं कोणाचीच नव्हती. ना घरची, ना कचेरीची. ती ओरिएची होती.

या अकरा मिनिटांची एक शिस्त होती. एकतीसला दारं उघडत. बत्तीसपर्यंत अडतीस माणसं फळीसमोर दोन रांगांत. तेहतीसला पहिला वाडगा. सदतीसला ओरिए नुसतं "हं" म्हणायची आणि अडतीसही जण डावा हात वाडग्यावर पालथा धरायचे, कारण पाकोळी जाताना धूळ उडायची. गाडी जाईपर्यंत सगळे असे उभे. मग हात निघायचे, वाफ वर यायची आणि कोणीतरी हमखास म्हणायचं, "गेली बाई एकदाची." शहरात जाऊन साहेबाच्या शिव्या खायच्या आधी माणसाला एवढं पुरतं. रोजच्या गिऱ्हाइकांत चिहारू नावाची एक कॉलेजातली मुलगी होती. तिने परीक्षेच्या दिवशी रश्शात रडून घेतलं होतं आणि ओरिएने काही न विचारता तिला दुसरी गोळी घातली होती.

आता कुरुमिदानीसारखं स्वाभिमानी गाव स्वस्थ बसलं असेल असं कोणी समजू नये. गावात 'कुरुमिदानी जलद गाडी थांबा प्राप्ती कृती समिती' होती. तिची स्थापना एक्केचाळीस वर्षांपूर्वी ओरिएच्या सासऱ्यांनी केली. समितीकडे सात सदस्य, सात खांद्यावरचे पट्टे आणि एक भला मोठा फलक होता: 'पाकोळी, इथे थांब!' फलकाची अक्षरं धावत्या गाडीतून वाचता येतील एवढी मोठी काढली होती. प्रत्यक्षात पाकोळीतून कोणालाही ती वाचता आली नाहीत. साध्या गाडीतले लोक मात्र अकरा मिनिटं वाचत बसायचे.

समितीचं काम वर्षातून एकदा असे. शरद ऋतूत सातही जण पट्टे घालून साध्या गाडीने त्सुकिओकाला जात, विनंतीपत्र दोन्ही हातांनी देत, अधिकारी ते दोन्ही हातांनी घेई आणि म्हणे, "सकारात्मक विचार करू." याचा अर्थ काय होतो ते दोन्ही बाजूंना नीट ठाऊक होतं. मग मंडळी हिनोकुचीला उतरून गरम झऱ्यात डुंबत, मुक्काम करत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 'लढा चालूच राहील' असा ठराव करून परतत. विनंतीपत्रावर सह्या जपानी मुळाक्षरांच्या क्रमाने असायच्या. आरिमा हे आडनाव त्यात सर्वांत आधी येतं. त्यामुळे एकतीस वर्षं पहिली सही ओरिएची. त्याआधीची दहा वर्षं तिच्या सासऱ्यांची. थांबा मिळावा असं तिला वाटत होतं का, हे तिला कोणी विचारलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नाही.

फेब्रुवारीत समितीची बैठक नेहमीसारखी तिच्याच फळीसमोर भरली. गावच्या कचेरीतला कारकून हिराइदे हा समितीचा चिटणीस. व्यवस्थित माणूस, रेल्वेचं उत्तर यायच्या आधीच इतिवृत्त लिहून आणायचा. त्याने ते गंभीरपणे वाचायला घेतलं.

"रेल्वेचं उत्तर वाचून दाखवण्यात आलं. समितीने तीव्र खेद व्यक्त केला. लढा..." इथे त्याने सवयीने पाकीट फोडलं आणि तो थांबला.

"काय रे, लढा पुढे?" अध्यक्ष सेतोगुची म्हणाले. वय एक्याऐंशी. हिनोकुचीच्या झऱ्याने त्यांचे गुडघे धरून ठेवले होते.

"अध्यक्षसाहेब, यात लिहिलंय, सकारात्मक विचार पूर्ण झाला."

"पूर्ण झाला म्हणजे? संपला?"

"म्हणजे मान्य झालं."

"कोणाचं?"

"आपलं."

"पत्ता बघ बरं नीट. योकोनेचं असेल ते. त्यांना काय, काहीही मिळतं."

पत्ता बरोबर होता. झालं होतं असं, की त्सुकिओकाला नेझू नावाचे नवे अधिकारी आले होते आणि त्यांनी फाईल वाचली होती. एक्केचाळीस वर्षांत हा प्रकार प्रथमच घडत होता, त्यामुळे समितीच्या घटनेत त्याबद्दल काहीच तरतूद नव्हती.

सेतोगुचींच्या डोळ्यांसमोर हिनोकुचीचा झरा आला. हिराइदेच्या डोळ्यांसमोर आपलं टेबल आलं. कचेरीत त्याच्याकडे दुसरं काम नव्हतं. ओरिएने मान वळवून दुसऱ्या रुळाकडे पाहिलं. तेवढ्यात एका सदस्याने, काहीतरी केलं पाहिजे म्हणून, एक टाळी वाजवली. एकट्याची टाळी बरी दिसेना म्हणून दुसऱ्याने साथ दिली. मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि प्रत्येकाला वाटलं की बाकीच्या सहा जणांना केवढा आनंद झालाय.

"कोणाची काही हरकत?" हिराइदेने विचारलं.

"अहो हिराइदे-सान," ओरिए पळी ढवळत म्हणाली, "हरकत नाही हो, आपलं सहज विचारते. ती साधी गाडी... ती थांबेल ना पूर्वीसारखी?"

हिराइदेने दुसरं पान उलटलं. "थांबेल की. अकरा मिनिटं. जशीच्या तशी."

"मग माझं काय जातंय," ओरिए म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. "खा आता, सोबा गार होतोय."

सात जणांच्या बैठकीत सात जणांना नको असलेली गोष्ट एकमताने मंजूर झाली. इतिवृत्तात 'तीव्र खेद' खोडून 'तीव्र आनंद' करण्यात आलं.

मार्चच्या नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या दिवशी पाकोळी कुरुमिदानीला थांबली. बँड वाजला. पहिली सही तिची, म्हणून चालकाला फुलं द्यायचा मान ओरिएला मिळाला. गार्डला आता वाकायचं कोणाला हे कळेना. त्याने सवयीने फलाटाला नमस्कार केला आणि समोर माणसं दिसल्यावर लाजून पुन्हा केला.

इथे एक तांत्रिक बाब स्पष्ट करणं आवश्यक आहे. चौदाही स्थानकांवर थांबल्यामुळे पाकोळीला आता शहात्तर मिनिटं लागू लागली. साध्या गाडीलाही, कुठे अडकवली नाही तर, शहात्तरच लागतात. म्हणजे जलद गाडी साध्या गाडीइतकीच साधी झाली. नेझूंनी यावर तीन रात्री विचार केला. जलद गाडी आणखी जलद करणं शक्य नव्हतं. मग राहिला एकच मार्ग: साधी गाडी सावकाश करणं. म्हणून तिला कुरुमिदानीला पूर्वीप्रमाणेच अकरा मिनिटं उभं करायचं ठरलं. पूर्वी ती पाकोळीला वाट द्यायला थांबायची, आता पाकोळीची अब्रू राखायला थांबू लागली. (खात्याने या योजनेला 'वेगवाढ' या सदराखाली दाखवलं आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सात एकतीसला साधी गाडी आली. दारं उघडली. ओरिएने अडतीस वाडगे मांडले होते. माणसं उतरली आणि तिच्याकडे पाठ करून फलाटाच्या कडेला उभी राहिली. तिथे रातोरात पांढऱ्या रंगाची पावलं काढली होती, दोन-दोनच्या रांगेत, पाकोळीच्या दारासमोर. आणि जमिनीवर पावलं काढलेली दिसली की सावाताकी खोऱ्यातला माणूस त्यांवर जाऊन उभा राहतो. का, असं तो विचारत नाही.

आधी उभं राहिलं तर पाकोळीत बसायला मिळतं. पाकोळी सात एकोणचाळीसला सुटते, साधी बेचाळीसला. म्हणजे गाडी बदलली तर त्सुकिओकाला तीन मिनिटं आधी पोहोचता येतं. त्यासाठी सात मिनिटं पावलांवर उभं राहावं लागतं, पण ती कोणी मोजत नाही, कारण ती उभं राहण्यात जातात. सात बेचाळीसला साधी गाडी जवळजवळ रिकामी सुटली.

त्या दिवशी नऊ वाडगे गेले. आठवड्याने चार. महिन्याच्या शेवटी दोन, त्यांतला एक हिराइदेचा, आणि तो चेहऱ्यावर अपराधी भाव घेऊन खायचा.

चिहारू रांगेत पहिली असायची. रोज मान वळवून म्हणायची, "मावशी, उद्या नक्की येते हं! आज रांग सोडवत नाही."

"ये गं, ये. शेवया कुठे पळून जातायत," ओरिए म्हणायची.

महिन्याभराने ती त्सुकिओकाला नेझूंकडे गेली. (साध्या गाडीने. सगळ्या डब्यात एकटी होती.) नेझू उठून उभे राहिले, वाकले आणि त्यांनी जाडजूड फाईल तिच्यापुढे ठेवली.

"आरिमा-सान, तुम्हाला भेटायची फार इच्छा होती. एक्केचाळीस पत्रं, आणि दरवेळी पहिलं नाव आरिमा. रात्री फाईल वाचताना डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. म्हटलं, या बाईंना अजून किती वाट पाहायला लावायची?"

माणूस मनापासून बोलत होता. शिव्या द्याव्या तर कोणाला, हे ओरिएला कळेना. तिने मान खाली घातली.

"साहेब, उपकार झाले तुमचे. पण समजा, आपलं समजा हं, एखाद्या गावाला वाटलं की थांबा नको, तर?"

"तर गावाने विनंतीपत्र द्यायचं. मी सकारात्मक विचार करीन."

"किती दिवस लागतात?"

"मागच्याला एक्केचाळीस वर्षं लागली," नेझू म्हणाले. "पण आता आमच्याकडे अनुभव आहे."

थांबा रद्द करायलाही विनंतीपत्र लागतं ही बातमी गावात पोहोचली तेव्हा सेतोगुचींनी काठी टाकली आणि ते न टेकता उभे राहिले. त्याच संध्याकाळी 'कुरुमिदानी जलद गाडी थांबा रद्द कृती समिती' स्थापन झाली. पदाधिकारी तेच. पट्ट्यांवरचा एक शब्द तेवढा बदलून शिवला. फलकावर 'थांब'चं 'थांबू नकोस' केलं. आता गाडी थांबत असल्यामुळे पाकोळीतल्या प्रवाशांना तो पहिल्यांदाच नीट वाचता येऊ लागला. शरद ऋतूत हिनोकुचीच्या खोल्या राखून ठेवायचं ठरलं.

"ओरिए-सान, लढायचं आपण!" सेतोगुची म्हणाले. "पहिली सही तुमचीच."

ओरिए सहासष्ट वर्षांची होती. तिने मनातल्या मनात बेरीज केली. एकशे सात आले.

"अध्यक्षसाहेब, तुम्ही लढा," ती म्हणाली. "मी सही नाही करायची."

एक्केचाळीस वर्षांत समितीत कोणी प्रथमच नाही म्हणालं. इतिवृत्तात त्याची नोंद 'आरिमा-सान विचार करत आहेत' अशी झाली.

तिने दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावली: 'एकतीस वर्षं आपण इथे थांबलात, आभारी आहे. तीस एप्रिलपासून दुकान बंद करते आहे. गैरसोयीबद्दल क्षमा असावी.' चिठ्ठी नऊ दिवस आधी लावली, म्हणजे सगळ्यांना कळेल. पण पावलं रुळाकडे तोंड करून काढलेली होती आणि दुकान पाठीमागे होतं. नऊ दिवसांत ती चिठ्ठी हिराइदेने वाचली आणि एका मांजराने हुंगली.

एकोणतीस एप्रिलला, शेवटच्या दिवशी, तिने एकच वाडगा भरला. अक्रोडाच्या दोन गोळ्या घातल्या. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती फळीच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून सगळं वेगळंच दिसत होतं. समोर छत्तीस पाठी होत्या. त्यांतली चिहारूची तिला ओळखू आली.

सात सदतीस झाले. ओरिए स्वतःशीच "हं" म्हणाली आणि तिने डावा हात वाडग्यावर पालथा धरला. पाकोळी हळूहळू आली. वारा नाही, धूळ नाही. अगदी अदबीने ती थांबली आणि दारं उघडली. हात धरायचं काही कारण नव्हतं हे तिला दिसत होतं, तरी तो तिला काढवेना. हाताखाली वाफ साचत राहिली आणि ओरिएला फार रडू आलं. रांग आत चढली. चढता चढता चिहारूने मान वळवली.

"मावशी, उद्या नक्की हं!"

"हो गं," ओरिए म्हणाली.

ही हकिकत वाचून वाचकांना छत्तीस पाठींचा राग आला असेल. तीन मिनिटांसाठी एक आख्खं दुकान या लोकांच्या नजरेतून सुटलं, याला काय म्हणावं! राग योग्यच आहे. त्याबाबत एवढंच नम्रपणे निवेदन आहे, की या कथेच्या सुरुवातीला सावाताकी मार्गावर चौदा स्थानकं आहेत असं सांगून प्रत्यक्षात तेरांचीच नावं दिली होती. जे गाळलं ते कुरुमिदानी. आपण ती यादी न थांबता पार केलीत. मागे जाऊन मोजायला साधारण तीन मिनिटं लागतील. तेवढी आपल्यापाशी नसणार, याची लेखकाला कल्पना आहे.